धाकू तांडेलाची हाक

मांडवीच्या पुळणीवर संध्याकाळी हवा खायला येणारी नवी मंडळी मला कधी कधी विचारतात, "आजोबा, मुंबईची बोट इथंच लागायची ना?" मी सांगतो, बोट इथं कधीच लागली नाही. बोट लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि भोंगा वाजवायची. इथं लागायचे ते आमचे पडाव. रत्नागिरीचा माणूस मुंबईला जायचा तो आधी आमच्या पाठीवर बसून, मग आमच्या पडावात बसून, आणि मग कुठं बोटीत चढून. साहेब असो की घरगडी, पहिला टप्पा आमच्या पाठीवरचाच.

या अंकाच्या संपादकांनी मला त्या दिवसांतल्या चार गमती लिहून द्यायला सांगितलं आहे. मी मराठी सहावीपर्यंत शिकलो म्हणून पडावावर माझी चेष्टा व्हायची. ते शिक्षण आज पहिल्यांदाच उपयोगी पडतं आहे. गमती पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलो की गमतींच्या आधी धाकू तांडेल समोर येऊन उभे राहतात. त्यांच्याच हाताखाली मी हे काम शिकलो. आम्ही खलाशी त्यांना मामा म्हणायचो, नात्याचे नसले तरी.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. पडाव म्हणजे रुंद पोटाची मोठी होडी. आठ वल्ही, आठ खलाशी, आणि मागं सुकाणूवर तांडेल. किनाऱ्याला पाणी उथळ आणि वाळू सपाट, म्हणून पडाव कमरेएवढ्या पाण्यात उभा करायचा आणि उतारूंना पाठुंगळीला घेऊन त्यात नेऊन ठेवायचं. चढणाऱ्या माणसालाही आमच्याकडे उतारूच म्हणतात. खरी परीक्षा पुढं, बोटीजवळ. बोटीच्या अंगाला शिडी सोडलेली असायची. लाटेबरोबर पडाव वर यायचा, शिडीच्या पायरीला भिडायचा आणि लगेच खाली जायचा. वर आलेल्या त्या क्षणी पाऊल टाकलं तर माणूस सुखरूप बोटीवर. आधी टाकलं तर आपटणार, उशिरा टाकलं तर लोंबकळणार. तो क्षण ओळखण्याचं काम तांडेलाचं. उतारूचं लक्ष शिडीकडे, आमचं लक्ष उतारूकडे, आणि लाटांकडे बघणारा फक्त तांडेल. बरोबर लाट आली की तो ओरडायचा, "घ्या!"

किनाऱ्यावरही हीच हाक. दोन मोठ्या लाटांच्या मध्ये जरा निवांत पाणी मिळतं. तेवढ्यात उतारूला पाठीवर घेऊन वाळू गाठायची. तांडेलानं "घ्या!" म्हटल्याशिवाय कोणी कोणाला उचलायचं नाही, हा नियम. धाकूमामांचा आवाज वाऱ्याच्या उलट दिशेनंही ऐकू यायचा. बोटीवरचे खलाशी म्हणायचे, तुमच्या तांडेलाच्या पोटात भोंगा बसवलाय.

उतारू तरी किती तऱ्हेचे! एक गृहस्थ एका हातात फणस आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन शिडीपुढं उभे राहिले आणि शिडी कोणत्या हातानं धरायची ते मला विचारू लागले. फणस खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, "बहिणीसाठी आहे." एक सोवळ्यातल्या आजीबाई होत्या. त्यांना आमचा स्पर्श चालत नव्हता आणि समुद्राचं पाणीही नको होतं. शेवटी त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खुर्ची उचलली. वरातीसारख्या गेल्या. पडावात बसल्यावर मात्र त्यांनी पुडीतला खाऊ काढून चौघांच्या हातावर वरून सोडला.

मामांची एक गोष्ट सगळ्या बंदराला माहीत होती. ते स्वतः कधी कोणाच्या पाठीवर बसले नाहीत. एकदा पाण्यात पाकट माशाचा काटा त्यांच्या पोटरीत घुसला. पाकटाचा काटा लागलेला माणूस कसा तळमळतो ते ज्यानं पाहिलंय त्यालाच ठाऊक. मी वाकून पाठ पुढं केली तर म्हणाले, "म्हादू, बाजूला हो. मी काय उतारू हाय?" आणि दात आवळून चालत वाळूवर आले.

अशा माणसाला तो आजार झाला. आजार कुठून सुरू झाला हे आज मागं वळून सांगता येतं. तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्यांदा त्यांचं नाक गेलं. मामा वासावरून वारा सांगायचे. सुक्या मासळीची गोणी पडावात आली तर कोलीम आहे की बोंबील ते न बघता ओळखायचे. ते ओळखेनासे झाले. त्यांची बायको, सावूमामी, एकदा हसत सांगत होती, "चुलीवर भात करपला. सगळी आळी विचारत आली, काय जळतंय म्हणून. हे चुलीफुडं बसलेत, ह्यांना कायच पत्ता नाय." तेव्हाच ते झोपेत हातपाय झाडायला लागले होते. मामी म्हणायची, "दिवसभर पडाव, रात्री मनाच वल्हवतात." आम्ही हसलो. त्या बाईच्या अंगावर खरोखर वळ असायचे, हे पुढं कळलं.

मग वाळूनं सांगितलं. ओहोटीच्या ओल्या पुळणीवर माणसाची चाल उमटते. आम्ही खलाशी पावलांवरून कोण पुढं गेला ते ओळखायचो. मामांच्या उजव्या पावलामागं एक बारीक ओरखडा दिसायला लागला, पाऊल उचलताना अंगठा घासावा तसा. चालताना डावा हात झुलायचा, उजवा अंगाला चिकटलेला. आम्हाला वाटलं, पाकटाचं जुनं दुखणं असेल.

हाताची थरथर त्यानंतर आली. मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आधीचा एखादा हंगाम असेल. बोटीची वाट बघत आम्ही पुळणीवर बसलो होतो. मामांचा उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर फिरत होती, विडी वळावी तशी. मी म्हटलं, "मामा, विडी पायजे काय?" त्यांनी हाताकडे पाहिलं. जणू तो हात दुसऱ्याचा होता. म्हणाले, "मी नाय करीत ते. आपोआप होतंय."

आता गंमत अशी, की हातात काही धरलं की ती थरथर थांबायची. वल्हं धरलं, थांबली. पेज प्यायला वाटी उचलली, थांबली. आणि सुकाणू धरलं की हात इतका स्थिर व्हायचा की आजारच नाही असं वाटावं. किनाऱ्यावर बसलेल्या मामांचा हात पाहून उतारू कुजबुजायचे. लग्नाला निघालेल्या एका वऱ्हाडातले काका तर अडूनच बसले, "हा माणूस माडी प्यालेला आहे, याच्या पडावात आम्ही बसणार नाही." मामा उठले, सुकाणूवर गेले, आणि तो हात सगळ्या वऱ्हाडाला दिसेल असा दांड्यावर ठेवला. काका बोटीवर चढेपर्यंत त्या हाताकडेच बघत होते.

मी आणि मामी त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी मामांना बसवलं, हात मांडीवर ठेवायला सांगितले, चालवून पाहिलं, कोपर धरून हात वाकवून पाहिला. कोपर सरळ वाकत नव्हतं, थांबत थांबत वाकत होतं. मग म्हणाले, "तांडेल, याला आपल्याकडे कंपवात म्हणतात. इंग्रजीत शेकिंग पाल्सी. हळूहळू चढणारा आजार आहे. एका अंगानं सुरू होतो, मग दुसऱ्या अंगाला जातो. हालचाल मंद होते, अंग ताठतं, आवाज बसतो. वर्षं लागतात. डोकं बहुतेक शाबूत राहतं. थेंब देतो, त्यानं थरथर आणि ताठपणा थोडा कमी होईल, तोंड मात्र कोरडं पडेल. मुळातून बरं करणारं औषध माझ्याकडे नाही, आणि मुंबईतही नाही."

मामांनी एवढंच विचारलं, "सुकाणू धरला की हात गप बसतो, डॉक्टरसाहेब. ते कसं?"

"हात कामाला लागला की थरथर थांबते. तो या आजाराचा स्वभावच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण त्यावर जाऊ नका..."

त्यांनी पुढं आणखी पुष्कळ समजावून सांगितलं. ते मामांनी ऐकलं नाही आणि आम्हीही नाही. कामाला लागलं की थांबते, एवढंच धरून आम्ही पायऱ्या उतरलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या बंदरावर झालं, धाकू तांडेलाचं औषध सुकाणूत आहे. आमच्या धंद्यात ही समजूत अगदी सहज पटणारी होती. सुकाणूची आम्ही पूजा करतो, त्याला पाय लागला तर नमस्कार करतो. त्यानं आपल्या माणसाचा हात धरून ठेवला, यात आम्हाला नवल वाटलं नाही. मामीनं घरी वल्ह्याचा एक तुटका दांडा आणून ठेवला. पाहुणे आले की ती तो मामांच्या हातात द्यायची, म्हणजे हात हलायचा नाही.

पुढची दोन-तीन वर्षं अशी गेली. थेंब चालू होते. राजापूरकडच्या एका वैद्यबुवांनी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून घ्यायला दिलं, त्यानं एक हंगामभर अंग बरंच सैल झालं आणि मामीनं वैद्यबुवांना नारळ पाठवले. मग ते मागं पडलं. थरथर डाव्या हातातही आली. वाळूवरची पावलं जवळ जवळ पडू लागली, आणि टाचेपेक्षा चवडाच खोल उमटू लागला, कारण मामा आता पुढं वाकून, पडत्या माणसानं धावावं तसे चालायचे. चेहरा हळूहळू थांबला. ज्यांना माहीत नव्हतं ते म्हणायचे, धाकू तांडेल आताशा फार ताठ झालेत, रामराम केला तरी ओळख दाखवत नाहीत. त्यांच्या मुलीला मुलगा झाला, मामीनं तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आवो, हसा की जरा!" मामा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी हसतोच हाय गो." मामी पदर तोंडाला लावून आत गेली.

आणि आवाज. तो असा हळूहळू उतरला की रोज ऐकणाऱ्या आम्हाला कळलंच नाही. मी मागच्या वल्ह्यावर, त्यांच्या सगळ्यांत जवळ बसायचो. त्यांनी "घ्या!" म्हटलं की मी ते मोठ्यानं पुढं द्यायचो. कधीपासून द्यायला लागलो ते आठवत नाही. सवयच पडली. मामा बोलायचे आणि मी ओरडायचो, आणि उतारूंना वाटायचं तांडेल मीच.

याच काळात एकदा पडाव वर ओढताना त्यांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "म्हादू, सुकाणू आज ना उद्या जायाचाच. मना दिसतंय ते. पण एक सांगतो. मना कुणाच्या पाठीवर घालू नको. मी सरपटत जाईन, पण उतारू व्हायाचो नाय. शपथ घे." मी समुद्राकडे हात करून शपथ घेतली. धडधाकट माणसाला शपथ घ्यायला काय लागतं!

शिमगा आटोपून चाकरमानी मुंबईला परतायचे तेव्हा पडावात तीळ ठेवायला जागा नसायची. अशाच एका परतीच्या दिवशी दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला. बोटीजवळ पडाव माणूसभर उंच वरखाली होत होता. उतारूंत एक तरणी बाई होती, पहिल्यांदाच नवऱ्याकडे मुंबईला निघालेली, कडेवर पोर. तिची पाळी आली. मी तिच्याजवळ होतो, पोर माझ्याकडे घेतलेलं. कान मामांच्या हाकेकडे. लाट आली, चांगली मोठी, हवी तशी. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे डोळे लाटेवर होते. तोंड उघडलं होतं. आवाज बाहेर आला नाही.

मागच्यांनी रेटलं आणि बाईनं आपल्या अंदाजानं पाऊल टाकलं. पडाव तोवर खाली निघाला होता. ती शिडीच्या दोराला लोंबकळली, पाय पाण्यावर. दुसरी लाट पडावाला वर आणत होती. पडाव आणि बोट यांच्या मध्ये ती सापडली असती तर काय झालं असतं ते लिहायला नको. अशा वेळी तांडेलानं सुकाणू एकदम फिरवून पडाव बाहेर काढायचा असतो. मामांचा हात सुकाणूवर होता, एकदम स्थिर. तो फिरलाच नाही. आमच्या एका खलाशानं वल्हं बोटीच्या अंगाला लावून सगळा जोर दिला आणि पडाव बाजूला सारला. वरच्यांनी बाईला दंडाला धरून ओढून घेतलं. पोर मी दुसऱ्या लाटेला वर दिलं. बाई धड उभी राहिली, पोराला छातीशी धरलं, आणि मग वरून तिनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. इतक्या मनापासूनच्या शिव्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. आम्हाला त्या गोड लागल्या, कारण शिव्या देणारी जिवंत होती.

 डॉक्टर "पण" म्हणून काय सांगत होते, ते तेव्हा आम्हाला कळलं. थरथर हा त्या आजाराचा दिसणारा भाग. ती थांबली म्हणून आजार थांबत नाही. मनानं ठरवलेलं अंगापर्यंत पोचायलाच उशीर होतो, आणि समुद्र तेवढा वेळ देत नाही. लाट मामांना दिसली होती. त्यांची चूक लाट ओळखण्यात नव्हती.

पडाव वाळूला लागला. मामा जागचे उठले नाहीत. मला जवळ बोलावलं आणि माझा हात धरून सुकाणूवर ठेवला. आमच्याकडे सुकाणू सोपवायची रीत एवढीच, दुसरा काही समारंभ नसतो. मग त्यांनी आपला हात काढून घेतला. सुकाणू सुटल्याबरोबर तो थरथरायला लागला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं दाबून धरला आणि कुजबुजावं तसं म्हणाले, "लाटेकडं बघ. माझ्याकडं नको बघूस." अशा रीतीनं मी तांडेल झालो. ज्याची आयुष्यभर इच्छा केली ते मिळालं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यानंतर मामा घरीच. आता आजार पायांत उतरला होता. सपाट जमिनीवर चालता चालता त्यांचे पाय मध्येच चिकटायचे. उंबऱ्याशी तर हमखास. मी एकदा गेलो तेव्हा ते दारात उभे होते, पुढं वाकलेले, चौकट धरून. मामी म्हणाली, "कवापासून उभे हायत. आत येईनात, भायेर जाईनात. वढायला गेलं तर पडतात." मी मामांना विचारलं तर म्हणाले, "पाय रुतलेत."

रुतलेला पडाव आम्ही कसा काढतो ते माझ्या अंगात होतं. विचार न करता मी वल्हवतानाची हाळी दिली, "हैऽसा... हैऽसा..." दुसऱ्या हैशाला मामांचा पाय उचलला. उंबरा ओलांडला. तिसऱ्याला दुसरा पाय. अंगणभर ते त्या तालावर चालले, आणि मी थांबलो तसे थांबले. मामी बघत राहिली, मग तिनं पळी घेतली आणि तांब्यावर ताल धरला.

मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांना खूप आनंद झाला. म्हणाले, "असं होतं. आपणहून पाऊल निघत नाही, पण बाहेरून ताल मिळाला किंवा ओलांडायला समोर काही असलं की निघतं. अंगणात आडव्या काठ्या टाकून बघा." आम्ही जुनी वल्ही अंगणात हात-हातभर अंतरानं आडवी टाकली. सपाट अंगणात अडणारा माणूस ती वल्ही ओलांडत सरळ तुळशीपर्यंत गेला. गावातली पोरं हसली. मामांना राग आला नाही. आला असता तरी चेहऱ्यावर दिसला नसता म्हणा.

पण आजार आपल्या चालीनं पुढं जातच होता. अंथरुणात कूस बदलायला मामी लागायची. घास गिळताना ठसका लागायचा, म्हणून पेज घट्ट करून चमच्यानं द्यायची. लाळ गळायची. दिवसातला काही वेळ बरा जायचा, काही अगदी दगड. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. बंदरावर आज काय झालं ते मी जाऊन सांगायचो. कधी लाट चुकली असेल तर ते डोळ्यांनीच विचारायचे, कितवी? लाटा आम्ही मोजत असायचो. माझ्या घरच्या वडिलांशी मी इतका बोललो नव्हतो.

शेवटी शेवटी नारळी पुनव आली. आमच्या पडावाचा नारळ सगळ्यांत म्हाताऱ्या तांडेलानं स्वतः पाण्यात जाऊन द्यायचा, ही आमची पद्धत. आदल्या वर्षी मामांच्या वतीनं मी दिला होता. या वर्षी ते म्हणाले, "मीच." मामी म्हणाली, "डोलीत घालून नेवया." मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला शपथ आठवली. मी म्हटलं, "चालतच न्यायचं."

आम्ही घरापासून पुळणीपर्यंत वल्ही टाकली. मागची उचलायची आणि पुढं टाकायची. खलाशी दोन्ही बाजूंनी हैसा म्हणत होते. आधी लोक बघत उभे राहिले, मग तेही म्हणायला लागले. सोन्याचा कागद लावलेला नारळ दोन्ही हातांत घेऊन मामा एक एक वल्हं ओलांडत होते. नारळ धरलेले हात हलत नव्हते. श्रावणातलं ऊन-पावसाचं आकाश, समुद्र अजून गढूळ आणि दांडगा. वाटेत दोनदा थांबलो. पाण्याशी आलो तेव्हा माझा घसा बसला होता.

पाण्यात वल्ही टाकता येत नाहीत. मी त्यांच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. गुडघाभर पाण्यात जाऊन त्यांनी नारळ सोडला. तो थोडा पुढं गेला आणि लाटेनं उलटा त्यांच्या पायाशी आणून टाकला.  मामा त्या नारळाकडे बघत कुजबुजले, "अडेल उतारू." मी नारळ उचलून लांब फेकला आणि लोकांनी जयजयकार केला.

आता परत फिरायचं होतं. या आजारात वळणं हे सगळ्यांत कठीण. अर्धे वळले आणि अडकले. पायांखालची वाळू पाणी ओढून नेत होतं. किनाऱ्यावरून सगळे हैसा म्हणत होते, पण लाटांच्या आवाजात ते पोचत नव्हतं, आणि माझ्या घशातून आवाज फुटत नव्हता. मामी काठावरून हातवारे करत होती, उचल त्यांना, उचल. मी हात पुढं केले आणि तसेच धरून राहिलो. उचललं तर शपथ मोडते, नाही उचललं तर माणूस जातो. एक लाट आली, मांडीपर्यंत भिजवून गेली. मामा डुलले, पण उभे राहिले. मागं त्याहून मोठी दिसत होती.

मी वाकायच्या बेतात होतो. मामांनी जड मान हलवून नकार दिला. ते माझ्याकडे बघत नव्हते, खांद्यावरून समुद्राकडे बघत होते. ती मोठी लाट आली, छातीपर्यंत चढली. आम्ही दोघं एकमेकांना धरून कसेबसे टिकलो. ती परत फिरली, आणि तिच्यामागं पाणी शांत होतं.

"घ्या," मामा म्हणाले.

आवाज फार बारीक होता, पण मला ऐकू आला. मी वळून पाठ दिली. त्यांचे हात माझ्या गळ्याभोवती आले आणि घट्ट बसले, थरथर नव्हती. मी निघालो. वाळूपर्यंत एकही लाट आम्हाला लागली नाही.